वेस आपली, वाट दुसऱ्याची

धर्मापुरीच्या आमच्या घरात केबलची इंटरनेट-जोडणी आली त्या दिवशी केबलचालकाकडच्या तरुणाने माळवदावरून वायर खाली सोडली, खिळा ठोकून पांढरा डबा भिंतीला टांगला, माझ्या संगणकाची बारा अक्षरांची एक खूण मोबाइलवर टिपून घेऊन ती आपल्या कचेरीस कळवली, आणि पाचएक मिनिटांत पडद्यावर चित्र उमटले. जाताना त्याने एवढेच बजावले : "सर, लाईन ह्या एकाच मशीनवर चालंल. दुसरं जोडलं की बंद." त्या बजावण्याचा खरा अर्थ मला तीन दिवसांनी उमगला, कारण तिसऱ्या दिवशी ती वायर आणि घरातील यंत्रे यांच्या मध्ये मी स्वतःची फायरवॉल बसवली, आणि सारे घर एकाएकी मुके झाले. दिवे लुकलुकत होते, वायर शाबूत होती, पैसे भरलेले होते. परंतु पलीकडून उत्तर म्हणून काही येईना.

फायरवॉल हा शब्द मूळचा संगणकवाल्यांचा नव्हे, गवंड्यांचा आहे. एकास एक लागून असलेल्या दोन इमारतींपैकी एकीस आग लागली तर ती दुसरीत शिरू नये म्हणून मध्ये उभारलेली न जळणारी भिंत, एवढाच त्याचा जुना अर्थ. आणि ज्या मुलखात घरे पाठीला पाठ लावून उभी असतात व परसात कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात, त्या मुलखातील माणसाला अशा भिंतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तथापि काहींनी सुचवलेला 'अग्निभिंत' हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो. भिंत सर्वांनाच अडवते. फायरवॉलचे काम निवड करण्याचे आहे. त्या कामाला जवळचा असा आपल्या भाषेत शब्द आहे तो 'वेस'. गावकुसाच्या वेशीवर रात्रंदिवस राहणारा वेसकर कोण बाहेर गेला, कोण परतायचा आहे, कोण अनोळखी आला, हे सारे मनात बाळगून असे. आणि त्याच्या त्या जागरणावर निर्धास्त झोपणाऱ्या गावाने त्याला स्वतःला मात्र वेशीच्या आत कधी समानतेने घेतले नाही, ही गोष्ट हा शब्द वापरताना मला विसरता येत नाही. परंतु द्वाररक्षणाचे जे शहाणपण त्याच्यापाशी होते, तेच आजच्या फायरवॉलच्या पोटात आहे, असे मी मनापासून मानतो.

ते शहाणपण असे. सरकारी कचेरीतील बारनिशीचा कारकून जसे प्रत्येक जावक पत्र वहीत चढवतो आणि आलेल्या पत्रावर आपल्याच एखाद्या पत्राचा संदर्भ आहे की नाही हे पाहून ते पुढे धाडतो, तशी घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची नोंद फायरवॉल आपल्या स्मरणात करते : कोणत्या यंत्राने, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या दारातून काय मागितले. उत्तर आले की ती नोंद पडताळते. नोंद सापडली तर उत्तर आत, न सापडली तर पाकीट तेथेच रद्द. नोंद ठेवून पारख करण्याची ही रीत १९९४ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने बाजारात आणलेल्या फायरवॉलने सर्वत्र रूढ केली. त्यापूर्वीच्या पुष्कळ फायरवॉली पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचत, मागचा-पुढचा संदर्भ त्यांना ठाऊक नसे.

कोणी विचारील की गावातल्या साध्या घराला हा बंदोबस्त कशाला. त्याचे कारण केबलच्या जातीतच आहे. टेलिफोनची तार प्रत्येक घराला स्वतंत्र असते. केबलचे जाळे मुळात दूरदर्शनच्या वाहिन्या एका ठिकाणाहून सर्वांना सारख्या वाटण्यासाठी अंथरलेले, म्हणजे जात्याच सामाईक. त्या तारेवरून आकड्यांची ने-आण कशी करावी याचे 'डॉक्सिस' नावाचे मानक अमेरिकेतील केबल कंपन्यांच्या संशोधनसंस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केल्यानंतर आणि नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मिळाल्यानंतर, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पुष्कळ केबलचालकांनी गच्च्यागच्च्यांवरून साधी संगणकजाळ्याची वायरच ओढली आणि सारी गल्ली एका जाळ्यात गोवली. अशा जाळ्यात शेजाऱ्याच्या संगणकावरील उघडी ठेवलेली कागदपत्रे आपल्या पडद्यावर दिसत, हा त्या काळचा अनेकांचा अनुभव आहे. धोका सातासमुद्रांपलीकडून येतो अशी आपली समजूत असते; केबलच्या बाबतीत तो पुष्कळदा चार घरांपलीकडून, तोही शेजाऱ्याच्या इच्छेने नव्हे तर त्याच्या रोगट यंत्रामुळे, येतो. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा पसरला तेव्हा असंरक्षित संगणक जाळ्याला जोडल्यावर थोड्याच अवधीत, मालकाने काहीही न करता, बाधित होत असे. आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सपी प्रणालीतील फायरवॉल आपोआप चालू राहील अशी सुधारणा दिली. संगणकाला त्यामुळे कवच मिळाले. परंतु घरातील दूरचित्रवाणी-संच, दारावरचा कॅमेरा, त्याची ध्वनिचित्रे साठवणारी पेटी, यांना असे कवच कोठले? २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे ज्या हल्ल्याने काही तास बंद पडली, तो 'मिराई' या प्रणालीने वश केलेल्या अशाच गरीब बिचाऱ्या उपकरणांनी चढवला होता, आणि ती वश झाली होती ती मालकांनी कारखान्यातला मूळ पासवर्ड कधी बदलला नाही म्हणून.

माझी फायरवॉल म्हणजे एक निवृत्त संगणक. धर्मापुरीच्या भुईकोटाच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. चालुक्यकालीन केदारेश्वराच्या भिंतींवरील शिल्पे डोळे भरून पाहून आलेल्या माणसाला तो तट पाहताना वाईट वाटते, परंतु हाताशी असलेल्या सामग्रीतून रक्षणाची सोय करण्याची मनुष्याची वृत्ती किती जुनी आहे, हेही त्यातून ध्यानी येते. फडताळात पडलेल्या संगणकात दुसरे जाळे-कार्ड बसवले की त्याला दोन तोंडे होतात, एक बाहेरचे व एक आतले, आणि वेशीला तेवढेच लागते. त्यावर घालायची प्रणाली विनामूल्य मिळते. मानुएल कास्पर या स्विस गृहस्थाने २००३ मध्ये 'मोनोवॉल' नावाची चिमुकली प्रणाली लोकांच्या हाती दिली. तिच्यातून २००४ मध्ये 'पीएफसेन्स' व तिच्यातून २०१५ मध्ये 'ओपीएनसेन्स' निघाली. आणि लहान राउटरवर चालणारी 'ओपनडब्ल्यूआरटी' २००४ पासून निराळ्या कुळात वाढली. एक पैसा न घेता अहोरात्र खपून ही कामे जगाला अर्पण करणाऱ्या माणसांविषयी मला नितांत आदर आहे.

मग घर मुके का झाले? येथे त्या बारा अक्षरांच्या खुणेकडे वळले पाहिजे. जाळ्याला जोडण्याजोग्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक अंक दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो ४८ बिटांचा, लिहिताना बारा अक्षरांचा. त्यातली पहिली सहा अक्षरे उत्पादकाची, पुढची सहा त्या नगाची. जोडणी होताच उपकरण आपला मॅक पुढे करून तारेवर हाळी देते की मला येथे राहण्यासाठी पत्ता द्या. पलीकडील व्यवस्था त्याला एक आयपी पत्ता ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने देते, आणि निम्मी मुदत सरली की उपकरण तो पट्टा वाढवून मागते. मार्च १९९७ मध्ये पक्क्या झालेल्या नियमांनुसार हा कारभार जगभर चालतो. निर्बंध घालणारा केबलचालक या ठिकाणीच आपली चौकी बसवतो. त्याच्या दप्तरात माझ्या नावापुढे एकच मॅक नोंदलेला. फायरवॉलने आपला निराळा मॅक पुढे करून हाळी दिली, आणि दप्तरात नाव नसलेल्या पाहुण्याला उत्तर देण्याची त्या व्यवस्थेला सक्त मनाई होती. नकारही आला नाही. मौन आले, आणि मौनाचे कारण शोधण्यात माणसाचा दिवस जातो.

खऱ्या केबल मोडेमात याच अडवणुकीचा आणखी एक प्रकार आढळतो. चालकाने मोडेमला एकाच ग्राहक-यंत्राची मुभा दिलेली असेल, तर चालू झाल्यावर जे यंत्र प्रथम दिसेल त्याचा मॅक तो ध्यानात धरतो आणि स्वतः बंद होईतो दुसऱ्या कोणास ओळखत नाही. नोंद बरोबर असूनही फायरवॉलला पत्ता मिळत नसेल, तर मोडेमची वीज काढून, दोनचार मिनिटे थांबून, फायरवॉल आधीच जोडून मग तो पुन्हा चालू करावा. ज्यांच्याकडे मोडेम इन्व्हर्टरवर आहे त्यांचा मोडेम महिनोन्‌महिने बंदच होत नाही; त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

चालकाच्या बाजूचा विचार केल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. तो वरच्या कंपनीकडून मोजून-मापून क्षमता विकत घेतो. एका ग्राहकाने माळवदावरून वायर टाकून चार घरांना वाटणी केली तर त्याचा हिशेब कोलमडतो. शिवाय कोणता ग्राहक केव्हा कोणत्या पत्त्यावर होता याची नोंद राखणे परवान्याच्या अटींनी त्याच्यावर बंधनकारक असते, आणि मॅकची नोंद हा त्याला सुचलेला सर्वांत स्वस्त उपाय होय. म्हणून पहिला मार्ग सरळ आहे : फायरवॉलच्या बाहेरच्या तोंडाचा मॅक त्याला कळवावा आणि जुन्याच्या जागी तो नोंदवून घ्यावा. मी कचेरीत जाऊन तशी विनंती केली. तेथील गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले, परंतु नोंद बदलण्याचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी आहे व त्यास अवधी लागेल असे सांगितले; आणि करारपत्र काढून पाहता त्यात 'एका कुटुंबास एक जोडणी' एवढेच लिहिलेले होते, घरातल्या उपकरणांच्या संख्येचा उल्लेखही नव्हता.

तेव्हा दुसरा मार्ग. फायरवॉलच्या मांडणीत बाहेरच्या तोंडापुरता मॅक आपल्या मर्जीने लिहिता येतो. तेथे मी नोंदलेल्या संगणकाचाच मॅक लिहिला आणि तसे कचेरीत सांगूनही ठेवले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला व त्याने पेशव्यांच्या दरबाराला किती घोर लावला, हे आपण इतिहासात वाचलेले असते. म्हणून कोणास वाटेल की हाही तोतयेपणाच झाला. मला तसे वाटत नाही. तोतया दुसऱ्याचे नाव घेऊन दुसऱ्याचा हक्क भोगू पाहतो. येथे नाव माझे, हक्क माझा, पैसे माझे, आणि दारात उभा राहणारा द्वारपाल तेवढा माझ्या नावाने बोलतो आहे. मात्र शेजाऱ्याचा मॅक घालून त्याच्या जोडणीवर चालणे ही निव्वळ चोरी होय, आणि करारात राउटरला स्पष्ट मनाई असेल तर गुपचूप युक्ती योजण्यापेक्षा करार बदलून घेणे किंवा चालक बदलणे मला अधिक प्रशस्त वाटते. कारण चालकाला शोधायचेच असेल तर तो शोधू शकतो. प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक अंक असतो, विंडोजच्या पाकिटावर १२८ आणि इतर बहुतेकांच्या ६४. मधल्या प्रत्येक नाक्यावर तो एकाने घटतो, आणि थेट ग्राहकाच्या घरून आलेल्या पाकिटावर १२७ किंवा ६३ दिसले की मध्ये एक नाका आहे हे चाणाक्ष माणूस तत्काळ ओळखतो.

मॅक जुळला, बाहेरच्या तोंडाला पत्ता मिळाला, आणि तरीही घर मुकेच राहिले! या दुसऱ्या मौनाचे कारण सांगण्यासाठी आमच्या गावाच्या नावाचा आधार घेतो. धर्मापुरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत : तमिळनाडूत याच नावाचे जिल्ह्याचे ठिकाण आहे, आणि तेलंगणात गोदावरीच्या काठी नरसिंहाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. पत्रावर जिल्हा, राज्य लिहिले तर टपाल चुकत नाही. आयपी पत्त्यांत असेच घडले. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच. ते पुरणार नाहीत हे ओळखून फेब्रुवारी १९९६ मध्ये काही मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवल्या गेल्या, १० ने सुरू होणारी, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची आणि १९२.१६८ ची. हे पत्ते कोणीही आपल्या उंबरठ्याच्या आत वापरावेत, बाहेर नेऊ नयेत, म्हणून १९२.१६८.१.१ हा पत्ता आज लक्षावधी घरांत एकाच वेळी नांदतो आहे आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही. अडते ते केव्हा? तर चालकानेही ग्राहकांना खासगीच पत्ते वाटले आणि दैववशात आपल्या घरातील मालिका व त्याची मालिका एकच निघाली तेव्हा. माझ्या फायरवॉलच्या बाहेर १९२.१६८.१ आणि आतही १९२.१६८.१, पाकीट कोणत्या धर्मापुरीचे, हे तिने कसे ठरवावे? आतली मालिका मी १९२.१६८.५७ अशी कमी वापरातली केली आणि त्या क्षणी पहिले पान उघडले. हे वाचून ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मॅकच्या मागे लागण्यापूर्वी ही दोन पत्त्यांची तुलना करावी.

चालकाची प्रवेश-पृष्ठावरची झडती ही यापुढची पायरी. काही ठिकाणी पत्ता मिळाला तरी, एका पानावर नाव व पासवर्ड दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. फायरवॉलला पान वाचता येत नाही, ही अडचण वाटते तेवढी खरी नाही; बाहेरून सारे घर एकच यंत्र दिसत असल्याने आतल्या कोणत्याही एका यंत्रावरून नोंद केली की सर्वांची झाली. खरी अडचण सूक्ष्म आहे. त्या पानाचे नाव चालकाच्या नामकोशात खासगी पत्त्याकडे बोट दाखवते, आणि बाहेरच्या नावाने आतला पत्ता सांगणारे उत्तर फसवे असू शकते म्हणून पुष्कळ फायरवॉली ते उत्तर फेटाळतात; त्या एका नावापुरता अपवाद लिहून द्यावा लागतो. जेथे पानाऐवजी फायरवॉलच डायल करून नाव-पासवर्ड देते, तेथे प्रत्येक पाकिटात आठ बाइटांचे जादा वेष्टन शिरते व १५०० ची मर्यादा १४९२ वर येते. ती मांडणीत न बदलल्यास काही पाने उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि लोक उगाच वायरवाल्यास बोल लावतात.

एवढे झाल्यावरही एक उणीव राहते आणि ती घरात बसून दूर करता येत नाही. पत्त्यांचे मध्यवर्ती कोठार ३ फेब्रुवारी २०११ रोजी रिकामे झाले. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासूनची एक मालिका खास चालकांसाठी, शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे उभे करण्यासाठी, राखली गेली. आपल्या फायरवॉलच्या बाहेरच्या तोंडावर या मालिकेतला किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावे की आपल्या वेशीच्या पुढे चालकाची आणखी एक वेस आहे, आणि तिची बारनिशी आपल्या हाती नाही. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला धर्मापुरीच्या घरातील कॅमेरा पाहायचा असेल तर ती बाहेरून येऊ शकत नाही, कारण पहिल्याच वेशीवर तिच्या पाकिटाची जावक नोंद नाही. उपाय उलटा करावा लागतो : घरातील यंत्रानेच बाहेरच्या एखाद्या ठिकाणाकडे कूटबद्ध वाट काढून ती उघडी ठेवायची, आणि मुलीने तेथून त्या वाटेने आत यायचे. नव्या, १२८ बिटांच्या पत्त्यांत ही चणचण नाही, आणि चालक ते देत असेल तर अवश्य घ्यावेत. मात्र त्यांत घरातल्या प्रत्येक यंत्राला जगाच्या नकाशावर स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणून फायरवॉलच्या नियमांत त्यांचीही बेगमी करून मगच ते चालू करावेत.

काही महिन्यांनी तोच तरुण पुन्हा आला. चालकाने तांब्याची वायर काढून काचतंतू आणला होता आणि सर्वांच्या नोंदी नव्याने घेणे चालू होते. वळिवात माळवदावरच्या तारेतून वीज घरात शिरण्याची भीती काचतंतूने गेली, या गोष्टीचा मला फार आनंद झाला. नव्या डब्याला त्याने माझ्या सांगण्यावरून 'ब्रिज' पद्धतीवर टाकले, म्हणजे डब्याने स्वतः द्वारपाल न होता केवळ पूल व्हावे. मग त्याने मशीनचा नंबर विचारला. मी फडताळाचे दार उघडून, आत चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली फायरवॉलची स्वतःची बारा अक्षरे दाखवली. त्याने त्यांचे छायाचित्र घेतले, जुन्या संगणकाकडे थोडा वेळ निरखून पाहिले, आणि हे आपल्याकडच्या मोडक्या मशीनवरही होईल काय, असे विचारले. दुसरे कार्ड लागेल, एवढेच मी म्हणालो. पुढच्या रविवारी तो ते मशीन गाडीवर बांधून घेऊन आला.